कंपनीची अधिकृत सूचना

रोहा
रविवार, १८ जानेवारी १९९८

चि. पूजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेत यायची बंद झालीस त्याला सहा आठवडे झाले. हजेरीत तुझं नाव अजून आहे. रोज उच्चारते, क्षणभर थांबते आणि पुढे जाते. पेणजवळच्या रामवाडीचा पत्ता केबलवाल्या निलेशने मिळवून दिला. तुम्ही सगळे तुझ्या आत्याकडे राहता आणि तुझे वडील काळुरामभाऊ भावाच्या मिठागरावर जातात, असं तो म्हणाला. तूही त्यांच्याबरोबर जातेस, हे ऐकून वाईट वाटलं. नववी अशी अर्ध्यावर टाकू नये. गणितात तुला गती आहे, आणि कॉम्प्युटरवर तर मी तुझ्याकडून चार गोष्टी शिकले असते.

तुझा शाळा सोडल्याचा दाखला ऑफिसात तयार आहे. भाऊंनी येऊन सही केली की मिळेल. यायचं नसेल तर चिठ्ठी द्या, मी काहीतरी करीन.

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारबद्दल तुमच्या घरात अजून बोलणं होत असेल. झालं ते फार वाईट झालं. धाटावच्या कंपनीत गॅस सुटल्याची पट्टी केबल टीव्हीवर गेली, लोक घाबरून पुलावरून नदीपलीकडच्या अष्टमी गावाकडे पळाले, आणि त्या रेटारेटीत गिरजाबाई भाजीवाली पडली. पुढे कळलं, गॅस सुटलाच नव्हता. पट्टी मी टाईप केली होती, हे गावाला ठाऊकच आहे. पण अशा वेळी माणूस आधी दुसऱ्यांच्या जिवाचा विचार करतो. कंपनीने तुझ्या वडिलांना गेटवरच्या कामावरून काढलं, हा अन्यायच. मात्र पोलिसांपुढच्या जबाबात मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही, एवढं तू त्यांना सांग.

त्यानंतरच्या त्या शनिवारी वर्गात मी तुला लागेल असं बोलले. शिक्षकाला कधी कधी बोलावं लागतं. मनात ठेवू नकोस.

तुझ्या आईला, हौसाताईंना नमस्कार.

तुझी,
गायकर बाई

&nbsp;

रोहा
रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

चि. पूजा,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं स्वतःला सांगून पाहिलं. पण रामवाडीचं पोस्ट काही इतकं वाईट नाही.

काल अष्टमीला गिरजाबाईकडे गेले होते. अडीच महिने मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. बाजाराला जाताना लांबून वळसा घालत होते. तिचं खुब्याचं हाड मोडलं आहे. सून उठवून बसवते तेवढं बसते. पुलाच्या रोह्याकडच्या तोंडाशी तिची भाजीची जागा होती, तिथे आता दुसरी कुणीतरी बसते.

मी कोण ते तिने लगेच ओळखलं. "ये गो बाई," म्हणाली. "शाळेतली ना तू? माझ्या नातवाला तूच शिकवतेस."

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला वास आला होता का हो?"

"वास तर रोजचाच," ती म्हणाली. "चाळीस वर्षं या नदीकाठाला बसत्ये. वासाला कोण पळतंय? पण माज्या जागेसमोरच्या दुकानात टीव्हीत लिवून आलं, कंपनीनं सांगितलंय म्हनून. नातू वाचून दाखवीत व्हता. कंपनी सांगत्ये म्हंजे खरंच असंल. मंग उठले."

मी केळी नेली होती ती तिच्या उशाशी ठेवली आणि निघाले.

पूजा, त्या संध्याकाळी कंपनीच्या गेटवरून फोन आला होता, पण आवाज कुणाचा होता ते मला नीट ओळखता आलं नाही. कदाचित घाईत माझी ऐकण्यात चूक झाली असेल.

वरची दोन वाक्यं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आले. परत येऊन वाचली. ती खोटी आहेत. ती खोडून नवा कागद घ्यायचा विचार आला होता, पण तसाच पाठवते. हे पत्र लिहिणारी बाई कशी आहे, हे तुला त्यावरून कळेल.

आज याहून पुढे लिहिणं माझ्याने होत नाही.

गायकर बाई

&nbsp;

रोहा
रविवार, १ मार्च १९९८

पूजा,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. "बाई, तुमची दोन्ही पत्रं आली. बाबा ती हातात घेत नाहीत. मी वाचून दाखवणार होते पण त्यात काहीच नाय. पूजा."

तुझ्या निबंधातला प्रत्येक "नाय" मी वर्षभर लाल शाईने "नाही" करत आले. या वेळी तो तसाच राहू दिला. त्यात खरोखरच काही नव्हतं.

आता जे घडलं ते लिहिते. तू तिथेच होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी ते माझ्या हाताने लिहिलेलं असावं, म्हणजे तुला ते कुणालाही दाखवता येईल.

बुधवार, २६ नोव्हेंबर. निलेशच्या दुकानावरची केबलची खोली. तो वायर आणायला नागोठण्याला गेला होता. मी शाळेच्या संमेलनाची सूचना पट्टीवर टाकायला आले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पेणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. अख्ख्या रोह्यात मराठी टायपिंग येणारी मी एकटी, असं निलेश चारचौघांत सांगायचा आणि मला ते आवडायचं. तू शेजारच्या स्टुलावर बसून माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतीस. साडेसहाच्या सुमारास सडक्या कांद्यासारखा वास आला. तू म्हणालीस, "आज बाबांची सेकंड शिफ्ट. हा वास आला की ते रात्री जेवत नाहीत." आपण दोघी हसलो.

मग खालून शेजारच्या धोंडुबाईने हाक मारली. "बाई, ओ बाई! धाटावला गॅस सुटलाय म्हणतात!"

"कोण म्हणतं?" हे तू विचारलंस. मी नाही.

"रिक्षावाला सांगत होता."

तू माझ्याकडे वळलीस. "बाई, बाबा गेटवरच हायत. फोन लावू? नंबर पाठ हाय माझा."

फोन टेबलावर होता. एक मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "थांब, वेळ नको घालवूस."

दर शनिवारी शेवटचा तास मी तुमच्याकडून बातम्यांची कात्रणं वाचून घेते. प्रत्येक कात्रणाला तीन प्रश्न विचारायला मीच शिकवलं होतं. हे कोण सांगतंय? त्याने स्वतः पाहिलं का? आणखी कुणाला विचारलं का? चौथीपर्यंत चप्पलही न घातलेल्या मुलांना मी हे प्रश्न पाठ करायला लावले होते. आणि त्या दिवशी तूच ते विचारत होतीस.

मी टाईप केलं, "धाटाव येथे गॅस गळती. नागरिकांनी ताबडतोब नदीपलीकडे जावे." वाचून पाहिलं. फिकं वाटलं. लोक वाचतील आणि पुन्हा मालिका बघत बसतील असं वाटलं. म्हणून त्याच्या आधी तीन शब्द घातले. कंपनीची अधिकृत सूचना.

तू पडद्यावर बोट ठेवलंस. "बाई, कंपनीची कुठे आलीय?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

आणि बटण दाबलं.

आता जे लिहिते ते तुलाही ठाऊक नाही. मी गॅलरीत गेले. समोरच्या घरांतून टीव्हीचा उजेड दिसत होता. एक दार उघडलं, मग दुसरं. माणसं पोरं काखेत मारून बाहेर पडली, कुणी तर ताट तसंच टाकून. बाजारपेठ पुलाकडे निघाली. माझ्या शब्दांवर निघाली. अठरा वर्षं मी शिकवते, आणि माझ्या सांगण्यावरून मुलं गृहपाठसुद्धा करत नाहीत. पूजा, त्या गॅलरीत उभी असताना मला बरं वाटलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, थोडाच असेल, पण बरं वाटलं. रात्री डोळे मिटले की मला पुलावरची गर्दी दिसत नाही. त्या गॅलरीत उभी असलेली मी दिसते.

सव्वासातला पोलिसांची जीप भोंगा लावून फिरली, घाबरू नका, गॅस सुटलेला नाही. निलेश धावत वर आला. "बाई, कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "गेटवरून फोन आला होता."

एवढंच. एका श्वासात. तू कोपऱ्यात उभी होतीस. तुझ्याकडे मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतला. तोवर मी ते पाच जणांना सांगितलं होतं, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडत गेली होती. आवाज पुरुषाचा होता. घाईतला होता. आगगाडीसारखा एकदम बोलून फोन ठेवला. जबाबात हे सगळं आलं. नाव मी घेतलं नाही, हे मी तुला पहिल्या पत्रात केवढ्या दिमाखात लिहिलं! सेकंड शिफ्टला गेटवर फोनपाशी कोण होतं, ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तूच सांगितलं होतंस. त्या माणसाची मुलगी माझ्याकडे कॉम्प्युटर शिकते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. नाव घ्यायला उरलं काय होतं?

आणि मग ६ डिसेंबरचा शनिवार. तू आठवडी पेपरचं कात्रण घेऊन आलीस. "गेटवरील कर्मचाऱ्याच्या फोनमुळे घबराट." तू उभी राहिलीस, पूर्ण मथळा वाचलास आणि म्हणालीस, "बाई, ही बातमी खोटी हाय. फोन आलाच नव्हता. मी तिथं होते."

बेचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "पूजा, बापाला वाचवण्यासाठी माणसाने खोटं बोलू नये."

तू खाली बसलीस. कात्रणाची घडी घातलीस, दप्तरात ठेवलीस. घंटा होईपर्यंत तू एकदाही डोळे पुसले नाहीस, आणि मी ते बघून मनात म्हटलं, बघा किती निगरगट्ट आहे. माझ्या मनात हे आलं होतं. तेही लिहिते.

फोन आला नव्हता. तू खरं बोललीस. तुझे वडील त्या संध्याकाळी कुणाशीही बोलले नाहीत. गॅस सुटला असं कंपनीतल्या कुणीही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

हे पत्र भाऊंना वाचून दाखव. नको वाटलं तर नको दाखवूस.

अनिता गायकर

&nbsp;

रोहा
रविवार, ८ मार्च १९९८

पूजा,

तू उत्तर दिलं नाहीस, मी मागितलंही नव्हतं. पण मागच्या पत्रानंतर मी काय काय केलं ते तुला कळवणं भाग आहे.

सोमवारी पोलिस स्टेशनला गेले आणि आधीचा जबाब खोटा होता असा नवा जबाब दिला. हवालदार वयाने तुझ्या दादाएवढा. माझाच कुठल्यातरी वर्षाचा विद्यार्थी निघाला. त्याने दोनदा विचारलं, "बाई, नक्की लिहू?" त्याचं हस्ताक्षर अजून सुधारलेलं नाही. पुढे माझ्यावर काय व्हायचं ते होईल. त्याची भीती मी समजत होते तेवढी राहिली नाही.

तिथून धाटावला, कंपनीत. साहेबांनी ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, गेटचं काम आता दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलंय. त्याची माणसं लागलीत. मी काळुरामसाठी शब्द टाकीन, पण आशा लावू नका." मी लेखी माफीपत्र दिलं, त्याची एक प्रत शिक्का मारून घेतली. ती या पाकिटात आहे. नोकरी त्याने परत येत नाही, हे मला कळतं.

हेडसरांनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मागून घेतली. "बाई, पालकांना मी काय तोंड दाखवू?" म्हणाले. मी किल्ली टेबलावर ठेवली.

आणि निलेशला सांगून तीन दिवस संध्याकाळी पट्टी चालवली. "२६ नोव्हेंबरची गॅस गळतीची सूचना कंपनीने दिलेली नव्हती. ती कुणालाही न विचारता मी लिहिली होती. कंपनीच्या गेटवरून कोणताही फोन आला नव्हता. अनिता गायकर, शिक्षिका." निलेश नको नको म्हणत होता. त्याच्या धंद्याला बट्टा लागणार होता, आणि लागलाही. दोघांनी कनेक्शन काढून टाकलं. भाजी घेताना एका मुलाचे वडील भेटले. हसून म्हणाले, "मग बाई, ही पट्टी तरी खरी धरायची ना?" त्यात टोमणा होता की खरंच प्रश्न होता, मला कळलं नाही. मी म्हटलं, "पोलिस स्टेशनला जाऊन विचारा." ते विचारायला गेले, असं नंतर कळलं. मला ते आवडलं.

गिरजाबाईला मी सगळं तिच्यासमोर बसून सांगितलं. ती छताकडे बघत पडून होती. मग म्हणाली, "म्हंजे मी रोजच्याच वासाला पळाले?" आणि हसली. तिचं हसणं थांबेना, शेवटी सुनेने येऊन पाणी पाजलं. मला तिने परत ये असं म्हटलं नाही.

एका गोष्टीची परवानगी हवी आहे. मला रामवाडीला येऊन भाऊंच्या तोंडावर हे सांगायचं आहे. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येईन. नको असेन तर दार उघडू नका, मी समजून परत फिरेन.

अनिता गायकर

&nbsp;

रोहा
रविवार, २२ मार्च १९९८

पूजा,

दार तुम्ही उघडलंत. हौसाताईंनी "पाणी दे गो बाईंना" म्हटलं, आणि तू दिलंस. तुझ्या हातांच्या भेगा मिठाने पांढऱ्या झालेल्या दिसल्या. मी बोलत होते तेव्हा भाऊ ओट्याच्या कडेला बसून पायाच्या तळव्याला तेल लावत होते. पूर्ण ऐकेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं बोलणं मी घरी आल्याबरोबर लिहून ठेवलं, कारण त्यातला एक शब्दही मला माझ्या सोयीने बदलायचा नव्हता.

"बाई, अकरा वरसं मी गेटावर व्हतो. कागद बगितल्याबिगर एक मानूस आत सोडला नाय. साहेबाचा मेव्हना व्हता, त्यालाबी थांबवला. आनि तुमी माज्या नावानं गेट सताड उघडा टाकलात."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"व्हय, तुमचीच हाय." मग तेल पुसत म्हणाले, "माजं काय, मी मिठात बी पोट भरीन. बाप-आजा भरीत व्हते. पन माजी पोर खोटी, आसं तुमी वर्गात म्हटलंत. बेचाळीस पोरांम्होरं. हितं माज्या ओट्यावर येऊन ती खरी हाय म्हनून सांगताय. हितं सगळ्यांना ठावंच हाय ती खरी हाय."

बरोबर आणलेला शाळेचा दाखला त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, शिक्का बघितला, सही बघितली आणि तुझ्याकडे दिला. जूनमध्ये पेणच्या शाळेत नववीला नाव घालायचं असं हौसाताई म्हणाल्या. भाऊ नको म्हणाले नाहीत.

तर काल, शनिवारी, मी तो तास घेतला. हेडसरांना आधी सांगितलं होतं, ते दाराशी उभे राहिले. मुलांनी कात्रणं बाहेर काढली. मी म्हटलं, आज कात्रणं नकोत, आज बातमी मी सांगते. आणि सांगितली. सगळी, गॅलरीसकट. शेवटी म्हटलं, "पूजा घरत या वर्गात खरं बोलली आणि मी तिला खोटी म्हटलं. ती शाळा सोडून गेली ती माझ्यामुळे."

भूमिका, तुझ्या बाकावरची, बाकावर डोकं टेकून रडायला लागली. तुझ्या शेजारून उठून ती मागे जाऊन बसली होती ना, त्या शनिवारनंतरच्या सोमवारी? तुला पत्र लिहिणार आहे म्हणाली. लिहिलं तर उत्तर दे, ती वाट बघेल.

शिवाने हात वर केला. "बाई, पूजा तिथं होती, तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. मग आम्ही तिचं का नाय ऐकलं?"

मी सगळ्यांकडे बघितलं. मग मोरू मागून म्हणाला, "तुम्ही बाई होता म्हनून."

हे मी पाठ्यपुस्तकाच्या कुठल्याही पानावर शिकवू शकले नसते. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. घंटा झाली, मुलं गेली. जाताना नेहमीसारखी दंगा करत गेली नाहीत.

हे सगळं मी तुझ्यासाठी केलं, असं मात्र समजू नकोस. माझ्याने राहवलं नसतं म्हणून केलं. आणि हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

हौसाताईंनी सांगितलं म्हणून तू त्या रविवारी मला पेणच्या स्टँडवर सोडायला आलीस. रोह्याची गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा तू म्हणालीस, "बाई, मी फोन उचलायला पायजे होता. तुम्ही नको म्हटलंत तरी. नंबर माझा पाठ होता. मी उचलला असता तर काय झालं असतं? तुम्ही मारलं असतंत फार तर."

कंडक्टरने घंटा मारली, मी आत ढकलली गेले आणि तुला उत्तर द्यायचं राहिलं. नागोठण्यापर्यंत की कुठपर्यंत मी उभीच होते, बसायला जागा असून.

चार महिने मी माझ्या शरमेत इतकी बुडाले होते, की हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नाही. तूही तुझ्या मनात त्या खोलीत रोज जात होतीस. रोज त्या फोनकडे बघत होतीस. वडिलांची नोकरी आपल्यामुळे गेली असं समजून तू मिठाची पाटी डोक्यावर घेत होतीस. मी तुला खोटी म्हटलं, हे एक. पण तू स्वतःला काय म्हणत होतीस, ते त्याहून वाईट होतं, आणि तेही माझ्यामुळेच.

म्हणून नीट वाच. तू "कोण म्हणतं?" असं विचारलंस. फोन लावू का, असं विचारलंस. पडद्यावर बोट ठेवून कंपनीची कुठे आलीय, असंही विचारलंस. चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या बाईंना एका संध्याकाळी तीनदा अडवलं. त्याहून जास्त कुणीही काही करू शकलं नसतं. चौथ्यांदा विचारायचं काम माझं होतं, स्वतःला.

फोन तुझ्या हाताशी होता खरा. पण त्या खोलीत मोठी मी होते.

अनिता गायकर